पेटी काढल्यावर गाडीवर काय उरतं
हिमालयनसाठी बनवलेल्या एका डिकीचं प्रकरण

"मागं डिकी पाहिजे, पण सोमवारी ती दिसता कामा नये." डिझाइनसाठी आमच्याकडे आलेल्या काकांची मागणी एवढीच होती.

काका कोल्हापूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. काकू अजून शाळेत शिकवतात. गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन, ४११ सीसीची, बीएस-सहा. तेलपाण्यासकट वजन १९९ किलो, दोन चाकांमधलं अंतर १४६५ मिमी. आठवडाभर ती गाडी राजारामपुरीतून मंडई, बँक, दवाखाना एवढंच फिरते. सुट्टी लागली की तिच्यावरून दोघं हंपीला, गोकर्णाला, निदान मालवणला तरी जातात. तेव्हा दोन हेल्मेट, दोन रेनकोट, औषधांची पिशवी आणि काकूंचा कॅमेरा ठेवायला कुलूपबंद जागा लागते.

बाजारात प्लास्टिकचे टॉप बॉक्स मिळतात आणि त्यातले काही चांगले असतात. काकांनी एक आधी बसवलाही होता. पेटी बटण दाबून निघायची, तक्रार त्याबद्दल नव्हती. पेटी निघाल्यावर सीटमागे परातीएवढी काळी प्लेट उरायची, तिच्या कडेला वर आलेले दोन आकडे आणि मध्ये खटका. काकूंचा पदर त्या आकड्यात दोनदा अडकला. सोमवारी दिसू नये, ही अट तिथून आली.

आमच्या कामाची दिशाही त्या अटीनेच ठरली. काढता येणारी पेटी म्हटलं की डिझायनर पेटी रेखाटायला बसतो: आकार, झाकण, रंग, कुलूप. पण ही वस्तू वर्षातले बहुतेक दिवस गाडीवर नसणार. तेव्हा गाडीवर जे कायमचं राहतं तेच मुळात डिझाइन करायचं आहे, आणि पेटी हा त्याला येऊन जोडला जाणारा पाहुणा. पहिल्याच बैठकीत वहीत लिहून टाकलं: जे काही गुंतागुंतीचं आहे ते पेटीला लावायचं, गाडीवर राहील ते पेटी नसतानाही कामाचं असलं पाहिजे आणि त्यात कपडा अडकता कामा नये.

मोठ्या टूरिंग गाड्यांच्या कंपन्यांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळलाय. होंडाने २०१८च्या गोल्ड विंगमध्ये तो जवळजवळ टाळला: मागची डिकी हवी असेल तर 'टूर' हे मॉडेल घ्या, नको असेल तर साधी गोल्ड विंग घ्या. डिकीवाल्या मॉडेलमध्ये जागा ५० लिटर होती आणि दोन फुलफेस हेल्मेट नीट मावत नाहीत म्हणून लोक कुरकुरले. २०२१ला कंपनीने ती ६१ लिटर केली. हार्ली-डेव्हिडसनने मात्र आपली मागची पेटी, म्हणजे टूर-पॅक, खरोखर काढता येणारी केली. गाडीवर चार ठिकाणी टेकण्याच्या जागा राहतात, वरचा रॅक पेटीसकट त्यांवर बसतो, आणि एकटं जायचं असेल तर पेटी थोडी पुढे घेण्याचीही सोय मिळते. ही शेवटची गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली. मात्र ती लाखांच्या घरातल्या, साडेतीनशे किलोहून जड गाडीची सोय होती. आमच्याकडे एका सिलिंडरची गाडी आणि उद्यमनगरातली, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातली, वर्कशॉप.

मापं आधी कायद्याने ठरवली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मोटारसायकलवर हलकी पेटी लावता येते. लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी आणि उंची ५०० मिमीच्या आत हवी. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर गाडीवर फक्त चालकाने बसायचं. त्या जागेच्या मागे असेल तर दोघं चालतात. नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ हवी असंही सांगतो. बाहेरून पेटी लावणारे अनेकजण कंपनीची ग्रॅबरेल (मागच्याने धरायची दांडी) काढून तिथे ब्रॅकेट ठोकतात आणि मूठ विसरतात. मागच्या माणसाने मग पेटीलाच धरायचं. पेटी नसेल तर कशालाच नाही.

आमचं आणखी एक बंधन होतं. गाडीच्या मूळ चौकटीला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगचा ठिपका लावायचा नाही. जे बसेल ते कंपनीने दिलेल्या बोल्टांच्या जागीच बसेल आणि उद्या गाडी विकायची झाली तर तासाभरात निघेल.

पेटीचं बाहेरचं माप ५०० मिमी रुंद, ३८० लांब, २९० उंच ठरलं. म्हणजे साधारण ५५ लिटर. ही मापं हेल्मेटवरून आली. पुठ्ठ्याचा डबा करून त्यात काका-काकूंची खरी हेल्मेट ठेवून पाहिली. दोन्ही एकाच दिशेला ठेवली की मावत नव्हती, एक उलटं फिरवलं की मावली. पुठ्ठा स्वस्त असतो, सुरीने कापता येतो आणि त्यात काकूंना थेट हात घालून बघता येतं. संगणकावरच्या चित्रात त्या हात घालू शकल्या नसत्या. झाकण मागच्या बाजूला उघडावं की आडवं, हा वाद त्या पुठ्ठ्यावरच मिटला. मागे उघडणारं झाकण सीटवर बसल्या बसल्या उघडता येत नाही, आणि वाटेत पाण्याची बाटली काढायची तर काकूंना नेमकं तेच हवं होतं. शेवटी बिजागरी डाव्या बाजूला गेली. त्या उजव्या अंगाने वळून हात घालतात.

पत्र्याचा विचार करताना साधा हिशेब मांडला. या मापाच्या डब्याचं पृष्ठफळ जवळपास ०.८९ चौरस मीटर. १ मिमीच्या लोखंडी पत्र्याचं केलं तर नुसता डबाच ७ किलो. दीड मिमी अ‍ॅल्युमिनियमचं केलं तर साडेतीन किलोच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं हे उघड होतं, पण कोणतं? भांडीवाल्या लायनीत सहज मिळणारा मऊ पत्रा वाकवायला छान, पण घाटात हादरे खाऊन रिव्हेटच्या भोकांपाशी तो फाटतो. ६०६१-टी६ या कणखर मिश्रधातूचं नाव ऐकून सगळ्यांना आवडतं; ते लहान त्रिज्येत वाकवलं की बाहेरच्या कडेला तडे जातात, आणि आर्गन वेल्डिंग केलं की शिवणीलगतची कमावलेली ताकद निघून जाते. आम्ही ५०५२ घेतला. वाकतो चांगला, दमट हवेत टिकतो, बोटींना तोच वापरतात. कोपरे वेल्ड न करता वाकवून, एकावर एक चढवून रिव्हेटने बसवले, सांध्यात सीलंट भरलं.

तळाच्या पत्र्याला मात्र दीड मिमीवर सोडता येत नाही. सगळा भार तिथून उतरतो. म्हणून गाडीला पकडणारे आकडे पेटीला बसतात तिथे आत-बाहेर ४ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या देऊन पत्रा मध्ये दाबून धरला. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखी थकव्याची सुरक्षित पातळी नसते. लोखंडात ताण एका मर्यादेखाली ठेवला तर तो कितीही हादरे सोसतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये लहान ताणसुद्धा पुरेशा वेळा आला की तडा सुरू करतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत भार पसरवत नेणं एवढाच उपाय असतो. बिजागरी, कुलूप, रबर, पट्ट्या सगळं धरून रिकामी पेटी ६ किलोची झाली. आत ९ किलो सामान, एकूण १५. नावाजलेल्या युरोपीय टॉप बॉक्सांवरही साधारण १० किलोच्या आसपासच मर्यादा लिहिलेली असते, हे लोकांना दाखवलं की त्यांना धक्का बसतो. एवढी मोठी पेटी आणि दहाच किलो?

हो, दहाच. कारण पेटी चाकाच्या आसामागे लटकते.

आमच्या पेटीच्या वजनाचा मध्य मागच्या आसापासून सुमारे ३०० मिमी मागे येत होता. १५ किलो गुणिले ३००, भागिले १४६५. पुढच्या चाकावरून ३ किलो उचलले जातात. ऐकायला हे काहीच नाही, आणि कागदावर खरोखरच काही नाही. त्रास दुसऱ्या गोष्टीचा असतो. गाडी वळताना आणि हलताना स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरते, आणि दूरचं वजन त्या फिरण्याला अंतराच्या वर्गाने विरोध करतं. पेटी गाडीच्या मध्यापासून १ मीटरवर असेल तर १५ किलोचे १५ एकक. तीच ८६ सेंटिमीटरवर आणली तर ११. वेगात ट्रक ओलांडताना वाऱ्याचा धक्का बसला की गाडीचं शेपूट हलायला लागतं आणि थांबायला वेळ घेतं, ते या मागच्या वजनामुळे. वजन कमी करण्यापेक्षा ते पुढे आणण्यात जास्त फायदा आहे.

हार्लीची कल्पना इथे कामी आली. काका एकटे जातात तेव्हा काकूंच्या जागेवर थोडं सरकून पेटी १४ सेंटिमीटर पुढे बसवता आली तर? कायदाही तेच म्हणतो: मागच्या जागेवर पेटी, मग एकटाच माणूस. पहिला विचार रूळ टाकण्याचा होता, म्हणजे गाडीवर दोन पट्ट्या आणि पेटी त्यांवर पुढे-मागे. तो कागदावरच मेला. पेटी काढल्यावर रूळ सीटवर उघडे राहणार आणि वहीतली पहिली ओळ मोडणार. मग उलटं केलं. गाडीवर एकच जोडणीची जागा ठेवली आणि पेटीच्या तळाला दोन जागी पकडण्याची सोय केली. गाडीवर काही वाढलं नाही, पेटी पावकिलोने जड झाली.

आता ती जोडणी. या प्रकरणाचा खरा जीव तिच्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या नमुन्यात गाडीवर चार उभ्या खुंट्या होत्या आणि पेटीच्या तळाला चार भोकं. रेखाचित्रात हे फार नेटकं दिसतं. प्रत्यक्षात तीन खुंट्या बसल्या की चौथी अडते, कारण वेल्डिंगनंतर चौकट मिलिमीटरभर पिळलेली असतेच. भोकं मोठी केली तर पेटी बसते, पण खडखडते. पावडर कोटिंग झाल्यावर पुन्हा बसेना. आणि खडखड म्हणजे नुसता आवाज नव्हे. एका सिलिंडरच्या इंजिनाला ४००० फेऱ्यांवर सेकंदाला साधारण ६७ हादरे बसतात, आणि सैल जागेत प्रत्येक हादरा म्हणजे हातोडीचा एक टोला. भोकं लांबट होतात, मग आणखी सैल, मग आणखी टोले.

सुट्या वस्तूला हलण्याचे सहा मार्ग असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. प्रत्येक मार्ग एकदाच अडवायचा. चार खुंट्या काही मार्ग दोन-दोनदा अडवतात, म्हणून त्या आपसात भांडतात. दुसऱ्या नमुन्यात गाडीवर फक्त दोन गोष्टी ठेवल्या. पुढे १६ मिमी जाडीची स्टेनलेसची आडवी दांडी. तिच्यामागे १८० मिमीवर एक छोटी कडी. पेटीच्या तळाला २६० मिमी अंतराने दोन आकडे. त्यांची तोंडं पुढच्या बाजूला उघडी आणि आतून व्ही आकाराची. पेटी मागून किंचित उचलून पुढे सारली की आकडे दांडी गिळतात. मग मागची बाजू खाली टेकवायची. तिथे दोन रबरी टेकू आहेत. शेवटी खटका त्या कडीला पकडून पेटी खाली आणि थोडी पुढे ओढतो, रबर २ मिमी दाबलं जातं. दाबलेलं रबर पेटीला सतत वर ढकलत राहतं, त्यामुळे जोडणीत कुठेच मोकळी जागा उरत नाही. व्ही झिजला तरी दांडी त्यात आणखी आत जाऊन बसते, सैल होत नाही. आडवं सरकणं एकाच आकड्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांनी अडवलंय, दुसरा आकडा मुद्दाम मोकळा ठेवलाय.

आकड्यांची तोंडं पुढेच का? गाडी जोरात ब्रेक मारते तेवढ्या जोरात ती पळत नाही. ब्रेक मारला की पेटी पुढे जायला बघते, म्हणजे दांडी व्हीमध्ये आणखी घट्ट बसते. तोंडं मागे असती तर नेमक्या त्याच क्षणी सगळा भार खटक्यावर आला असता.

खटका टॉगल पद्धतीचा आहे, जेवणाच्या डब्याच्या कडीसारखा: दांडा मध्यरेषा ओलांडून पलीकडे पडला की ताण उलट त्यालाच बंद ठेवतो. फरक एवढाच की हा खटका पेटीच्या आत आहे. तळातल्या खाचेतून त्याचा हूक बाहेर येतो. पेटी काढायची तर आधी झाकणाचं कुलूप उघडावं लागतं. एका किल्लीत सामानही राखलं जातं आणि पेटीही. बाहेरून ओढायला, पान्याने फिरवायला काहीच दिसत नाही. शिवाय एक दुय्यम स्प्रिंग-हूक दिलाय. मोटारीच्या बॉनेटला असतो तसा. मुख्य खटका चुकून उघडा राहिला तरी पेटी रस्त्यावर पडत नाही, फक्त मागून सेंटिमीटरभर उचकते आणि वाजून सांगते. खटक्याच्या दांड्याखाली लाल पट्टी रंगवलीय. ती दिसत असेल तर पेटी नीट बसलेली नाही.

एकट्याने जायचं असेल तेव्हा आकडे दुसऱ्या भोकांत आणि खटका पुढच्या जागी न्यायचा. आकडे पेटीच्या कडेपासून २० मिमीवर असतात ते १६० मिमीवर जातात, खटकाही तेवढाच सरकतो, पेटी १४० मिमी पुढे येते. दोन्ही वेळा वजनाचा मध्य दांडी आणि कडी यांच्या दरम्यानच राहतो. हे जमवण्यासाठीच १८० मिमीचं अंतर घेतलं. ते वाढवलं असतं तर पकड सुधारली असती, पण दुसरी जागा पेटीच्या बाहेर गेली असती.

ही दांडी आणि कडी ज्यावर बसते ती चौकट उद्यमनगरात मामांकडे झाली. मामा आयुष्यभर ट्रॉल्या आणि गुऱ्हाळाची यंत्रं जोडत आलेत. मोटारसायकलच्या कामाला ते 'खेळणी' म्हणतात. आमचा हिशेब असा: १५ किलो, खड्ड्याचा हादरा चौपट धरला तर जवळपास ५९० न्यूटन. शेवटच्या बोल्टापासून वजनाचा मध्य २५० मिमी लांब. दोन पाइपांत वाटलं तर १९ मिमीच्या, २ मिमी जाडीच्या पाइपात ताण १८० मेगापास्कलच्या आसपास येतो. २४० मेगापास्कलला वाकणाऱ्या पाइपाला तो एकदा चालेल, लाखो वेळा वेल्डच्या कडेशी चालणार नाही. २२ मिमीचा घेतला तर १२८, २५ चा घेतला तर ९६. मी पंचवीसकडे झुकलो होतो.

"साहेब, पाइप जाड करत बसू नका," मामा म्हणाले. "खालनं एक तिरका आधार द्या. मग ह्योच एकोणीसचा पाइप बक्कळ झाला."

त्यांचं बरोबर होतं. टोकाला लोंबणारा पाइप वाकतो. खालून तिरका आधार दिला की त्रिकोण होतो आणि त्याच पाइपावर वाकण्याऐवजी मुख्यतः ओढ आणि दाब येतो. १९ मिमीचाच पाइप राहिला, बोल्टपाशी वेल्ड संपतो तिथे गसेट (कोपरा बळकट करणारी तिकोनी) पट्टी आली. पंचवीसचा पाइप जड झालाच असता, शिवाय हातात धरायला जाडजूड. आणि धरायचाच तर होता, कारण हीच चौकट काकूंची मूठ आहे. दोन्ही बाजूंचे पाइप सीटलगत पुढे आणले, बोटं मागे जातील एवढी मोकळी जागा ठेवली. पेटी नसताना गाडीवर दिसते ती एक ग्रॅबरेल आणि तिच्यामागे छोटा सपाट कॅरियर. आडवी दांडी कॅरियरचाच भाग वाटते, दूध-भाजीची पिशवी तिला दोरीने बांधता येते. मागची कडी पृष्ठभागाच्या खाली बुडवलीय. कॅरियरवर हात फिरवला तर कुठे टोचत नाही. ही शेवटची चाचणी काकूंनी ओढणी टाकून आणि ती ओढून घेतली. उतरताना पाय अडकतो का, तेही साडी नेसून पाहिलं. हिमालयन मुळात उंच गाडी. मागे पेटी असली की पाय मागून टाकता येत नाही, काका आणि पेटीच्या फटीतूनच काढावा लागतो. त्यासाठी पेटीची पुढची भिंत वरच्या बाजूला थोडी मागे झुकवली. पाठ टेकायचा फोम त्याच भिंतीवर लावला. जागेचा हा फायदा मला सुचला नव्हता, काकूंनी दाखवला.

एक क्रम आधीच ठरवला होता. कधीतरी कोणी पेटीत पंचवीस किलो भरणारच. मग आधी पेटीचा तळ वाकावा, तो तगला तर चौकट वाकावी, गाडीच्या मूळ सबफ्रेमला (सीट आणि शेपूट पेलणाऱ्या चौकटीला) मात्र काही होऊ नये. म्हणून पेटीकडचे बोल्ट ६ मिमीचे, गाडीकडचे ८ चे. उलटं करणारे लोक असतात; पेटी शाबूत राहते आणि सबफ्रेम तुटते.

पावसाचा भाग चाचणीतच शिकायचा होता. त्यासाठी गगनबावड्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कोल्हापूरहून पंचावन्न किलोमीटर, आणि जुलैत तिथे पाऊस थांबायची वाट बघत बसावं लागत नाही. पेटीत वाळूच्या पिशव्या, नटांवर रंगाची रेघ (नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते), आणि कोपऱ्याकोपऱ्यात वर्तमानपत्राचे कागद. खाली वैभववाडीपर्यंत जाऊन परत. नट जागेवर होते. कागद ओले होते, आणि तेही झाकणाच्या वरच्या कडेशी नव्हे, बिजागरीच्या बाजूला खाली.

झाकणाची रबर बीडिंग चांगली होती. खरं कारण तापमानात निघालं. वाटेतल्या कळे गावापर्यंत ऊन होतं, पेटी तापली होती; पुढे एकदम पाऊस. आतली हवा ५० अंशांवरून २५ वर आली तर ती आठ टक्क्यांनी आकसते. ५५ लिटरच्या पेटीत चार लिटरच्या आसपास हवा बाहेरून आत ओढली जाते, आणि जिथे रबर जरा कमी दाबलेलं असेल तिथून ती पाणी घेऊन येते. पेटी जितकी घट्ट बंद, तितका ओढा जास्त. उपाय पेटीला श्वास देण्याचा होता: तळाला, चाकाच्या चिखलापासून आडोशाला, जाळी लावलेलं एक छोटं भोक. हवा तिथून येते, पाणी वर चढत नाही. नंतर कागद कोरडे राहिले. बिजागरीकडचं रबर मात्र आम्ही बदललंच, कारण दोन्ही गोष्टी एकदम केल्याशिवाय समाधान होत नाही.

मालवणच्या बाजूची खारी हवा वेगळा त्रास देते. अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेसचा बोल्ट थेट लागला आणि मध्ये मिठाचं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होत झिजत जातं. प्रत्येक बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर, आत नायलॉनची बाही. आकडे आणि दांडी दोन्ही स्टेनलेसचे ठेवले, म्हणजे झिजणाऱ्या जागी तरी ही भानगड नको.

पेटीच्या मागे जादा ब्रेकलाइट लावायची कल्पना बऱ्याच जणांनी सुचवली. ती आम्ही नाकारली. पेटी काढल्यावर गाडीच्या शेपटाशी एक प्लग लोंबत राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात हिरवा गंज येतो. गाडीचा मूळ मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट पेटीखाली पूर्ण दिसतात याची खात्री केली आणि पेटीच्या मागच्या भिंतीवर लाल परावर्तक पट्टी चिकटवली. तारही नको, प्लगही नको.

चालवण्याच्या बाबतीत काकांना तीन सूचना दिल्या. पेटी भरून दोघं निघाली की मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवायचा आणि चाकात हवा दोघांच्या भाराची भरायची. जड वस्तू पेटीच्या तळाला, पुढच्या भिंतीलगत. आणि हत्यारं, कुलूप-साखळी असलं वजनदार सामान पेटीत न ठेवता टाकीच्या बाजूच्या पिशव्यांत; ती जागा दोन चाकांच्या मधोमध आणि खाली आहे. तिसरी सूचना ते पाळत नाहीत. काकू पेटी उघडून साखळी बाहेर काढतात आणि टाकीकडे पाठवतात, मग निघतात.

खर्चाचं सांगायचं तर एका पेटीला म्हणून हे परवडणारं काम नाही. लेझर कटिंग आणि बेंडिंगवाले एका नगाचे आणि दहा नगांचे सुरुवातीचे पैसे जवळपास सारखेच लावतात. चांगल्या टॉप बॉक्सपेक्षा जास्त गेले. काकांनी ते पेन्शनच्या हिशेबात कुठे बसवले हे विचारलं नाही.

त्यांच्या मेहुण्यांनी नंतर इंटरसेप्टर ६५० साठी तसलीच पेटी मागितली. त्या गाडीचं शेपूट वेगळं, बोल्टांच्या जागा वेगळ्या, मागून दोन सायलेन्सर. चौकट नव्याने करावी लागली आणि तिरका आधार सायलेन्सरच्या आतून न्यायला मामांना दोन वेगळे वाक द्यावे लागले. पेटी मात्र तीच चालली, कारण गाडी कुठलीही असो, दांडी ते कडी १८० मिमी आणि दांडीची जाडी १६ मिमी ही दोन मापं आम्ही बदलायची नाहीत असं ठरवलंय. आता दोन घरांत मिळून एक पेटी आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत ती कोणाकडे असावी यावरून फोन होतात. मामांनी तिसऱ्या चौकटीचा पाइप कापून ठेवलाय. दुसरी पेटी केव्हा करायची तेवढं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.